टाकले साहेब

"टाकलं!"

असं म्हणून आमचे साहेब उजव्या हाताचा अंगठा मोबाईलवरून वर उचलायचे आणि खुर्चीत मागे रेलायचे. दुसऱ्याच क्षणाला ऑफिसात कोणाचा तरी मोबाईल ‘टुंग’ करायचा. ज्याचा वाजला त्याने समजायचं, की साहेबांच्या डोक्यावरचं ओझं आता आपल्या डोक्यावर आलं.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच म्हणा. हल्ली कुठे नसतो? पण आमचे साहेब म्हणजे वेगळंच रसायन होतं, आणि बोईसरच्या एमआयडीसीत इतकी वर्षं काढल्यावर रसायनांची थोडीफार पारख मलाही आहे.

त्यांचं खरं नाव मी सांगत नाही. गरजही नाही, कारण कंपनीत ते कोणी घेतच नव्हतं. सगळे ‘टाकले साहेब’ म्हणायचे. हे इतकं रुळलं की एकदा कुरियरवाला माझ्या टेबलाशी येऊन विचारतो, "मॅडम, पाकिटावर वेगळंच आडनाव आहे, आणि गेटवर म्हणतात टाकले साहेबांना द्या. साहेब दोन आहेत का?" मी म्हटलं, दोन असते तर आम्ही जिवंत राहिलो असतो का? जा आत. तो आत गेला. साहेबांनी पाकीट टेबलावर ठेवून घेतलं आणि ते फोडण्याचं काम माझ्या नावावर टाकलं.

समोर बसलेल्या माणसालाही ते तोंडाने काम सांगत नसत. एकदा मी त्यांच्या पुढ्यातच बसले होते आणि माझा मोबाईल वाजला. बघते तर ‘खिडकी लावणे’. खिडकी त्यांच्या पाठीशी! मी उठले, त्यांच्या मागून वळसा घालून खिडकी लावली, परत येऊन बसले आणि मोबाईलवरच्या गोलाला बोट लावलं. गोल हिरवा झाला. साहेब म्हणाले, "बघा मॅडम, किती सोपं झालंय सगळं."

मी काय बोलणार? कपाळ!

आमची कंपनी प्लास्टिकची पिंपं बनवते. मी डिस्पॅचला, म्हणजे पिंपं गाडीत चढवून पाठवायच्या खात्यात. साहेब कारखान्याचा सगळा कारभार बघणारे मॅनेजर. सॉफ्टवेअर यायच्या आधीपासून मी त्यांना ओळखत होते, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माणूस कामचुकार नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असायचा. फक्त कोणाला वाईट शब्द बोलणं त्यांच्याच्याने होत नसे. शब्द घशाशी आला की त्याचा खोकला व्हायचा.

एकदा एका लोडरने वापीला जायची पिंपं नाशिकच्या गाडीत चढवली. साहेबांनी त्याला झापायला आत बोलावलं. आम्ही सगळे कान टवकारून बसलो. आतून नुसता खोकला ऐकू येत होता. थोड्या वेळाने लोडर बाहेर आला तो हातात चहाचा पेला घेऊन, आणि वर सुट्टी मंजूर करून! मी विचारलं, "अरे, झालं काय?" तर म्हणतो, "साहेबांनी विचारलं घरी सगळी बरी आहेत ना. मी म्हटलं आई आजारी आहे. तर म्हणाले, मग इथे काय करतोस?"

अशा माणसाला हेड ऑफिसने मनोरला हायवेवरच्या एका हॉटेलात ट्रेनिंगला धाडलं. विषय: कामं वाटून कशी द्यावीत. साहेब परत आले ते एक बॅग, एक पाण्याची बाटली आणि एक वाक्य घेऊन. वाक्य असं: "जे काम कोणाच्या नावावर नाही, ते काम होत नाही." त्यापाठोपाठ प्रत्येकाच्या मोबाईलवर ते सॉफ्टवेअर आलं. काम आलं की गोल पिवळा, केलं की हिरवा, राहिलं की लाल. काम आपलं नाही असं वाटलं तर ‘पुढे वर्ग करा’ म्हणून एक बटण. आमच्या कंपनीत त्या बटणावरचा रंग सगळ्यात आधी उडाला असता, खरं बटण असतं तर.

साहेबांना मात्र देव भेटला. आता कोणाच्या तोंडाकडे बघून काही सांगायला नको, कोणाचा चेहरा पडलेला बघायला नको. अंगठा उचलला की झालं. त्यांचा खोकलासुद्धा बंद झाला. सकाळच्या मीटिंगला भिंतीवर सगळ्यांचे गोल दिसायचे, आणि पडद्याला गोवर आलेला असायचा. त्या लाल पडद्याकडे बघून साहेब कोणाचंही नाव न घेता एवढंच म्हणायचे, "लाल दिसतंय जरा." झाली आमची झडती!

गेटवर जान्यादादा असायचा. बेटेगावाकडच्या एका पाड्यावरचा वारली माणूस, वयाने साहेबांच्या बरोबरीचा. साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "दादा, आजपासून मेन गेट तुमच्या नावावर टाकलंय."

जान्यादादाने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझे नावावर?"

"हो."

"मंग सातबारा कदी देता?"

आम्ही हसलो. तो नाही हसला. "हसता काय? आमची जमीन कारखान्याचे नावावर झाली तवा कागद झालाच ना? मंग गेट माझे नावावर झाला त कागद नको?"

कितीतरी दिवसांनी साहेबांना खोकला आला. ते केबिनमध्ये गेले आणि ‘जान्यादादांना समजावणे’ हे काम माझ्या नावावर येऊन पडलं. अजून लाल आहे. काय समजावू मी त्याला? मला तर त्याचंच म्हणणं पटलं होतं.

मग ती धामण. ऑफिसात कपाटाखालून चांगली लांबलचक धामण निघाली. आम्ही बायका टेबलावर चढलो, दुबेजी (मेंटेनन्सचे दुबेजी, उत्तर प्रदेशातले, अंगाने पैलवान) आमच्याही आधी चढले. साहेब खुर्चीवर उभे राहून मोबाईलवर टाईप करत होते. ‘साप. तातडीचे. गेट.’ सॉफ्टवेअर त्यांना विचारत होतं की कामाला किती वेळ लागेल, आणि ते भरल्याशिवाय पुढे जाऊ देईना. "मॅडम, सापाला किती वेळ लागतो हो?" ते मला ओरडून विचारत होते. इकडे जान्यादादाचा मोबाईल चार्जिंगला, आणि तो स्वतः गेटवर तंबाखू मळत उभा. शेवटी धामणच कंटाळली आणि दारातून निघून गेली. साहेबांनी खाली उतरून नोंद केली: काम पूर्ण. ‘कोणी केले’ या रकान्यापाशी ते बराच वेळ अडले. मी म्हटलं, "लिहा की साहेब, सापाने."

त्यांनी लिहिलं हो!

घरीही तीच तऱ्हा. गणपतीला आम्ही पालघरला त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनी मोदक वाढताना म्हणाल्या, "हे आता मला पण टाकतात. सिलिंडर लावणे, दूध घेणे. मग मीही शिकले. एक काम यांच्या नावावर टाकलं, रोजचं. ‘बायकोशी बोलणे.’" आम्ही खो खो हसलो. साहेबही हसले. वहिनी ताट घेऊन आत जाताना म्हणाल्या, "लालच असतं ते." तेव्हा मात्र कोणाला हसावं की नाही कळेना, म्हणून सगळ्यांनी मोदकाचं कौतुक सुरू केलं.

आता काकींचं सांगते. सगळं सांगायचं ते त्यासाठीच.

काकी म्हणजे आमचं कॅन्टीन. समुद्राकाठच्या नवापूरच्या. कंपनीची एकच शेड होती तेव्हापासून स्टोव्ह पेटवायला येत होत्या. त्यांचे यजमान पूर्वी बोटीवर जायचे, पाठीचं दुखणं झालं आणि घरी बसले. घर चालायचं ते काकींच्या कॅन्टीनवर. काकींची सुक्या जवळ्याची चटणी डब्यात असली की दुबेजीसारखा शुद्ध शाकाहारी माणूससुद्धा डब्याकडे बघून उसासा टाकायचा. आणि बोलणं असं रोखठोक, की साहेबसुद्धा त्यांना पेला परत द्यायला स्वतः उठून जायचे.

साहेबांनी काकींनाही सोडलं नव्हतं. कंपनीने कॅन्टीनला एक मोबाईल दिला होता, त्यावर ‘चहा, मीटिंग’, ‘चहा, पाहुणे’ असं दिवसभर टुंग टुंग चालायचं. काकींचे हात पिठात. त्या मूठ वळून मागच्या बाजूने गोल दाबून टाकायच्या. वाचायच्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "काय वाचायचा गो त्यात? चहाच असते. नाय दाबला त लाल होते, नि साहेबाला वाईट वाटते."

एके दिवशी हेड ऑफिसचा हुकूम आला. पुढच्या महिन्यापासून चहा-जेवण ठेकेदाराकडून येणार, कॅन्टीन बंद. काकी कधी कायम झाल्याच नव्हत्या, त्यामुळे कागदोपत्री काही अडचण नव्हती. अडचण एकच. त्यांना सांगायचं कोणी?

साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. मी गेटपासची सही घ्यायला गेले तर मोबाईल समोर धरून बसले होते. म्हणाले, "मॅडम, या बाईने माझ्या मुलीच्या बारशाला लाडू करून दिले होते." मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा साहेब. तुमच्या तोंडून ऐकलं तर जरा सोसेल तरी." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. मी वळले, आणि दारापर्यंत पोचते तोच पाठीमागून ऐकू आलं:

"टाकलं."

‘काकींना कळवणे. कॅन्टीन बंद.’ हे काम एचआरच्या तन्वीच्या नावावर पडलं. ती पोरगी नुकतीच लागलेली, नुसती बघून रडवेली झाली. तिने ‘स्टोव्ह, गॅस वगैरे विषय’ असं कारण लिहून मेंटेनन्सला वर्ग केलं. दुबेजींनी कपाळाला हात लावला. "हमसे नहीं होगा. काकी के हाथ की चाय पी है, नमक तो नहीं, पर शक्कर तो खाई है!" त्यांनी ते गेटला वर्ग केलं, कारण काय तर माणसांचं येणं-जाणं गेटकडे असतं. आणि जान्यादादाने, जो एकटाच आमच्यात सरळ माणूस, त्याने ओळ अक्षर लावून वाचली. ‘कॅन्टीन’ शब्द दिसला. काम कॅन्टीनचं आहे, आपल्याकडे चुकून आलं, असं म्हणून त्याने ते इमानदारीत कॅन्टीनला धाडून दिलं.

काकी भाकऱ्या थापत होत्या. टुंग झालं. त्यांनी मुठीने दाबलं.

हिरवं.

हे असं असं फिरलं ते मला मागाहून कळलं. तेव्हा मी फक्त साहेबांना केबिनमधून बाहेर येताना पाहिलं. डोळे ओले. मला पडदा दाखवत म्हणाले, "मॅडम, काकींना कळलं. एक शब्द बोलल्या नाहीत हो. केवढं मन असेल या बाईचं!"

तन्वीने सांगितलं असेल असं धरून मीही मानलं. पुढचे दिवस सगळी कंपनी काकींशी अशी वागत होती की जणू घरात मोठं आजारपण आहे. दुबेजी आपणहून टोप उचलून द्यायचे. तन्वी येता-जाता त्यांचा हात हातात घ्यायची. साहेब तर कॅन्टीनच्या दारातूनच नमस्कार करून परत फिरायचे. काकी वैतागल्या. "मेल्यांनो, मी मरायला टेकलेय काय? नि साहेबाला काय झालाय? तोंड बघ कसा उतरलाय. आलं घालून देते त्याला." आणि आल्याचा चहा आत जायचा, तो बघून साहेबांना आणखी भरून यायचं.

महिना संपत आला. निरोपाचा कार्यक्रम ठरला. शाल तन्वीच्या नावावर, नारळ गेटच्या नावावर, खुर्च्या मेंटेनन्सच्या. भाषण साहेबांनी माझ्या नावावर टाकलं होतं, ते मी तिथल्या तिथे परत वर्ग केलं. आणि भजी-चहा? खाण्यापिण्याचं काम कोणाकडे जातं आमच्याकडे? कॅन्टीनकडे. बटाट्यांचं पोतं आत ठेवताना दुबेजी ‘निरोपाची भजी’ एवढंच बोलून आले.

दुपारी सगळे जमले. खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर शाल आणि त्याखाली हिशेबाचं पाकीट. आतून बटाट्याच्या भज्यांचा वास येत होता. काकी घामाघूम होऊन मोठं ताट घेऊन बाहेर आल्या, माझ्याजवळ थांबल्या आणि वाकून हळूच विचारलं, "कोन चाललाय गो? कोनी सांगत पन नाय. दुबे काय?"

माझ्या हातातला कागदी द्रोण तसाच राहिला.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, काकींना माहीतच नाही."

"असं कसं? हिरवं आहे."

"हिरवं गेलं खड्ड्यात! त्या विचारतायत कोण चाललंय म्हणून."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. हात आपसूक खिशाकडे गेला, मोबाईल बाहेर आला, अंगठा वर झाला. मला इतका संताप आला म्हणून सांगू! मी चारचौघांत विचारलं, "आता कोणाच्या नावावर टाकताय? कोण उरलंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मोबाईल खिशात गेला. ते उठले आणि काकींसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या हातातलं ताट घेतलं, खाली ठेवायला जागा सापडेना म्हणून तसंच धरून उभे राहिले. साहेब मूळचे सफाळ्याच्या आतल्या एका गावचे, पण ऑफिसात कायम पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी पहिल्यांदा घरचं बोलले.

"काकी, कोनी जात नाय. तुमीच... कॅन्टीन बंद करतात. उद्यापासून नाय यायचा. मी सांगायला पायजे होता."

काकी आधी हसल्या. चेष्टा वाटली त्यांना. मग त्यांनी एकेकाकडे पाहिलं. कोणीही वर बघत नव्हतं. शाल दिसली. नारळ दिसला. 

"नि भजी माझ्याकडूनच करून घेतली?" काकी म्हणाल्या.

तुम्हाला सांगते, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मटकन खुर्चीवर बसल्या. पदराने तोंड पुसलं. "मी घरी काय सांगू? सकाळी निघताना बोलून आले, दिवाळीपर्यंत घरावरचे पत्रे बदलू. काय सांगू मी ह्यांना आता?"

साहेब म्हणाले, "मी येतो. मी सांगतो त्यांना. तुमी काय बोलू नका."

आणि खरंच गेले. दिवस कलला तेव्हा गेटसमोरून नवापूरच्या रिक्षात काकींच्या शेजारी बसून गेले. मांडीवर शाल, नारळ आणि उरलेल्या भज्यांचा डबा. आम्ही सगळे गेटवर उभे राहून बघत होतो. जान्यादादा म्हणाला, "आता मानूस झाला साहेब." दुबेजींनी डोळे पुसले. मलाही वाटलं, चला, एक तरी काम या माणसाने आपल्या हाताने केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेड ऑफिसला फोन केला. काकींना परत घ्या, म्हणाले. मी समोर होते. खोकला नाही, अडखळणं नाही, पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलले. पलीकडून उत्तर आलं, "सिस्टिममध्ये टाका, बघतो." साहेबांनी फोन ठेवला. पुढे थोड्याच महिन्यांत ते निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाची भजी ठेकेदाराकडून आली, थंडगार. आता त्यांच्या खुर्चीवर कोणी नाही. नवे साहेब मुंबईतूनच टाकतात.

काकी मला परवा बोईसरच्या बाजारात भेटल्या. सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बसल्या होत्या. मी जवळ बसले. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "काकी, त्या दिवशी साहेबांनी तुमच्या घरी नीट सांगितलं ना?"

काकींनी कपाळाला हात लावला. "कसला सांगते गो! ओट्यावर बसला. ह्यांनी विचारला, साहेब इकडे कसे? तर खोकायला लागला. पानी दिला, चहा दिला. बोट कशी होती विचारला, पाठ कशी हाय विचारला. खरा काय ते सांगेचना. शेवटी मीच सांगितला."

"तुम्ही?"

"मंग कोन? मी बोलले, काम गेला माझा. हे गप बसले. नि तो लागला रडायला. एवढा मोठा मानूस, आमचे ओट्यावर! शेजारचे बघायला आले, कोन गेला म्हनून. मंग मीच समजूत घातली त्याची. बोलले, साहेब, होते असा, तुमी काय करनार?"

 काकींनी गिऱ्हाइकाला बोंबील बांधून दिले, टोपलीवरचं फडकं नीट केलं आणि म्हणाल्या, "काळोख पडायला आला होता. रडून रडून त्याला रस्ता दिसेना. एकटा कसा धाडू? मंग मी रिक्षात बसून बोईसर टेसनापर्यंत गेले त्याला सोडायला."